केमो चालू असताना घरूनच व्यायाम आणि योगासनं: सोलापूरच्या एका फिजिओथेरपिस्टचं सांगणं

"आज रुपयातले किती आणे जीव आहे?" सकाळी साडेसहाला मोबाईलवर एकेकीचा चेहरा दिसू लागला की मी हाच प्रश्न विचारते. कुणी बारा आणे म्हणते, कुणी आठ. केमो होऊन दोन-तीनच दिवस झालेली एखादी हळूच म्हणते, "मॅडम, आज चार आणेपण नाहीत." तिच्या त्या उत्तरावर तिचा त्या दिवसाचा व्यायाम ठरतो.

मी सोलापुरात फिजिओथेरपी करते. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या बायकांसाठी मोबाईलवरून व्यायाम आणि सोपी योगासनं घेते. विडी घरकुलातल्या विड्या वळणाऱ्या अक्का त्यात आहेत, जुळे सोलापूरच्या नोकरदार ताई आहेत, बार्शी-अक्कलकोटकडच्या शेतात राबणाऱ्या मावशी आहेत. आकडे मराठीत मोजायला सुरुवात होते, मध्येच तेलुगूतलं ओकटी, रेंडु, मूडु येतं, कधी कन्नडमधलं ओंदु, एरडु, मूरु.

दवाखान्यात पेशंट समोर असली की मी हात लावून बघते. खांदा कुठे अडतोय, त्वचा गरम आहे का, श्वास कसा चाललाय, हे तिने न सांगताही कळतं. मोबाईलवर यातलं फार थोडं दिसतं. तळपायाच्या मुंग्या दिसत नाहीत, काखेतली ओढ दिसत नाही, कालच्या रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन दिसत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच शिकवणाऱ्याला कळणार. आणि आपल्या बायका दुखलं तरी "काही नाही, होईल बरं" म्हणून पुढे जाणाऱ्या. घरून व्यायाम करायचा तर ही सवय पहिल्यांदा सोडावी लागते. स्वतःच्या अंगाकडे नीट बघायचं आणि जे वाटतंय ते मोठ्याने सांगायचं, हा या क्लासचा पाया आहे. आसनं त्याच्यानंतर.

आराम की व्यायाम?

घरातले सगळे प्रेमापोटी सांगतात, "तू पडून राहा, काही करू नकोस." सासूबाईंच्या हातून पाण्याचा तांब्यासुद्धा काढून घेणारी घरं मी बघते. त्यामागची माया खरी आहे. पण केमोचा थकवा झोपून जात नाही. दिवसेंदिवस पडून राहिलं की मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू उतरतात, मग संडासापर्यंत चाललं तरी दम लागतो, दम लागला म्हणून माणूस आणखी पडून राहतो. या चक्रातून बाहेर काढायला हलका, नियमित व्यायाम उपयोगी पडतो, आणि याला आता भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आस्कोने, 2022 साली मार्गदर्शक सूचना काढल्या. बरं करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असतानाच पेशंटला चालण्यासारखे दम वाढवणारे आणि ताकदीचे असे दोन्ही व्यायाम सुचवावेत, असं त्यात सांगितलं आहे. थकवा, चिंता, उदासी यांवर फरक पडण्यासाठी आठवड्यातून 3 वेळा 30 मिनिटांचा मध्यम व्यायाम, आणि जमेल तसे 2 दिवस ताकदीचे व्यायाम, असं प्रमाण 2019 पासून जगभर सांगितलं जातं. ते एकदम गाठायचं नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून केलेलाही व्यायामच असतो.

योगासनांबद्दल सांगायचं तर, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या शेकडो स्त्रियांवर उपचारांच्या जोडीने योग शिकवून मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत सॅन अँटोनिओच्या स्तनाच्या कॅन्सरवरच्या परिषदेत मांडले गेले. त्यातला "जोडीने" हा भाग कृपया विसरू नका. त्या बायकांनी ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं घेतलं होतं. योगाने गाठ विरघळते असं सांगून कुणी तुमची केमो सोडायला लावत असेल, तर त्या माणसाचा फोन उचलू नका.

सुरू करण्याआधी

कॅन्सरच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत थेट विचारा: "मी घरी हलका व्यायाम करू का? काय करू नको?" एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात. उत्तर कागदावर लिहून घ्या. शिकवणाऱ्याला पुढच्या गोष्टी माहीत असल्याच पाहिजेत: कुठल्या बाजूचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढल्या का, जखमेतलं पाणी काढणारी नळी अंगावर आहे का, केमो देण्यासाठी छातीत पोर्ट किंवा दंडात पिक लाइन बसवली आहे का, केमो किती दिवसांनी आहे, बीपी, शुगर, गुडघे, आणि हाडांपर्यंत आजार गेला आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला जड जातं, पण पाठीच्या कण्यात आजार असेल तर कंबर पिळणारी आणि पुढे वाकणारी आसनं मणक्याला धोक्याची ठरू शकतात, म्हणून तो विचारावाच लागतो.

लाल रंगाची केमो आणि एक वर्ष दर 21 दिवसांनी मिळणारं ट्रास्टुझुमॅब, ही दोन्ही औषधं हृदयावर परिणाम करू शकतात. म्हणून तर डॉक्टर मधून मधून टू-डी इको करायला सांगतात. इकोमध्ये पंपिंग कमी आलं असेल तर ते शिकवणाऱ्यालाही कळवा.

यूट्यूबवरचे व्हिडिओ उपचाराच्या काळात लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिडिओतली मुलगी तुमचं ऐकत नाही. तुम्हाला चक्कर आली तरी ती पुढचं आसन सुरू करते. क्लास लहान असावा, सात-आठ जणींचा, आणि पहिली भेट एकटीची. पेशंटचा पूर्ण पत्ता आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसाचा नंबर शिकवणाऱ्याकडे असलाच पाहिजे. मी तो मिळाल्याशिवाय क्लास सुरू करत नाही. पडद्यापलीकडे कुणी खाली बसलं तर मला धावत जाता येत नाही, शेजारच्या खोलीतल्या सुनेला फोन मात्र लावता येतो.

फोन, फरशी आणि ऊन

मोबाईल हातात धरून व्यायाम होत नाही. स्टीलच्या मोठ्या डब्याला टेकवून तो टेबलावर किंवा कपाटाच्या फळीवर, कमरेच्या उंचीला ठेवा आणि सहा-सात फूट मागे या. डोक्यापासून पावलांपर्यंत दिसलं पाहिजे. खिडकी तुमच्या समोर असू द्या. खिडकी पाठीमागे असली की मला फक्त काळी आकृती दिसते. ऑपरेशन झालेली बाजू मोबाईलकडे ठेवा. फोन मुलाचा असेल आणि तो सातला कामावर जात असेल, तर वेळ आधी सांगा. त्याप्रमाणे बॅच बदलता येते.

केस गेलेत, एका बाजूला सपाट आहे, म्हणून कॅमेऱ्यासमोर यायचा संकोच वाटतो. तो अगदी स्वाभाविक आहे. डोक्याला रुमाल बांधा, ओढणी घ्या, मोकळा कुर्ता घाला. आमच्या क्लासमध्ये रेकॉर्डिंग होत नाही आणि कुणाच्या घरातले पुरुष पडद्यात येत नाहीत, हा नियम आम्ही सगळ्यांनी मिळून केलाय. तुम्ही जिथे शिकाल तिथेही असा नियम आहे का, ते विचारून घ्या.

आपल्याकडे घरोघरी शहाबादी फरशी. ती गुळगुळीत झालेली असते, आणि तिच्यावर सोलापुरी चादर अंथरून उभं राहिलं की चादर पायाखालून सरकते. चादर उभं राहण्यासाठी वापरू नका. चार घड्या घालून डोक्याखाली, गुडघ्याखाली, ऑपरेशनच्या हाताखाली तिच्यासारखी टेकण नाही. उभ्याच्या व्यायामाला रबरी मॅट घ्या, नाहीतर कोरड्या फरशीवर न घसरणाऱ्या तळाचे बूट घाला. पॅक्लिटॅक्सेल नावाची केमो चालू असलेल्यांनी अनवाणी व्यायाम करू नये. पावलांना बधिरपणा आला की खडा टोचलेला कळत नाही आणि तोलही जातो. त्यांनी उभ्याचा प्रत्येक व्यायाम ओट्याला किंवा जड टेबलाला धरून करावा. प्लास्टिकची खुर्ची वापरत असाल तर तिची पाठ भिंतीला टेकवा.

सोलापूरचं ऊन वेगळं सांगायला नको. मार्च ते जून सकाळी साडेसातच्या आत व्यायाम उरका. पत्र्याच्या घरात तर नऊ वाजता भट्टी पेटते. उन्हाने थकवा वाढतो, जुलाब-उलट्या झाल्या असतील तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं, आणि हाताला सूज येण्याची शक्यता असलेल्यांची सूजही गरमीत वाढू शकते. व्यायामाच्या तासभर आधी काहीतरी हलकं खा. अर्धी भाकरी दुधात कुस्करून, किंवा एक केळं. उपाशीपोटी योग करावा हे निरोगी माणसाला ठीक आहे. केमोच्या दिवसांत उपाशी उठून हात वर केले की चक्कर येते.

ऑपरेशननंतरचा हात

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे उशीर झाला की खांदा आखडतो आणि पुढे रेडिएशन अडतं. रेडिएशनच्या मशीनवर हात डोक्यावर नेऊन तसाच स्थिर ठेवावा लागतो. हात वर जातच नसेल तर ते कठीण होऊन बसतं.

नळी अंगावर असेपर्यंत हात खांद्याच्या रेषेच्या वर न्यायचा नाही, असं बहुतेक सर्जन सांगतात. त्या दिवसांत काय करायचं? मूठ उघडा-मिटा. कोपर वाकवा-सरळ करा. खांदे कानांकडे उचला, मागे गोल फिरवा, सोडा. बसताना आणि झोपताना हाताखाली घडी घातलेली चादर ठेवा, म्हणजे हात हृदयापेक्षा थोडा उंच राहील. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी पाच-सात मिनिटं. तोंड धुणं, जेवणं, हे ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने करा. हात गळ्यात बांधल्यासारखा छातीशी धरून ठेवू नका.

नळी निघाली आणि सर्जनने हो म्हटलं की भिंत चढायची. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, पायाची बोटं भिंतीपासून वीतभर लांब. आधी चांगला हात वर न्या, जिथपर्यंत जाईल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. ते आपलं ठिकाण. आता ऑपरेशनच्या बाजूचा तळवा छातीसमोर भिंतीला टेकवा आणि बोटांनी हळूहळू वर सरका. पहिल्यांदा ओढ लागेल तिथे थांबा. श्वास रोखू नका. सावकाश पाच आकडे मोजा, खांदा कानाकडे उचललेला असेल तर खाली सोडा, मग बोटांनीच खाली या. हात धपकन सोडू नका. वर जिथे पोचलात तिथे रेघ आणि शेजारी तारीख. असं पाच वेळा, दिवसातून तीनदा. आठवड्याभराने भिंतीकडे कूस करून हाच प्रकार बाजूने. बायका या रेघांचे फोटो मला पाठवतात. कुणाची रेघ रोज बोटभर वर जाते, कुणाची चार दिवस तिथेच अडते आणि पाचव्या दिवशी सरकते. दोन्ही चालतं. आठवडाभर रेघ खाली खाली यायला लागली तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

ओढ आणि दुखणं यांतला फरक ओळखता आला पाहिजे. ताणल्यासारखं वाटतं आणि हात खाली आला की जातं, ती ओढ. टोचतं, जळतं किंवा व्यायाम संपल्यावर तासभर राहतं, ते दुखणं. काहींना काखेपासून कोपरापर्यंत त्वचेखाली सतारीची तार ताणल्यासारखी एक शीर हाताला लागते, हात सरळ केला की ती उठून दिसते. घाबरून हात हलवायचा बंद करू नका. काखेच्या ऑपरेशननंतर असं होतं, आणि हळुवार ताण देत राहिलं की बहुतेकींचं काही आठवड्यांत सुटतं. फक्त फिजिओला दाखवून घ्या. जखमेपाशी पाणी साचल्यासारखं डुचमळत असेल तर सर्जनकडे जा.

ब्रिटनमध्ये प्रॉस्पर नावाचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. खांद्याच्या तक्रारींचा धोका जास्त असलेल्या बायकांना ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांत फिजिओच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करून दिला. वर्षभराने त्यांचा हात नुसत्या माहितीपत्रकावर राहिलेल्यांपेक्षा चांगला चालत होता. स्तन नव्याने तयार करण्याचं ऑपरेशन झालं असेल तर मात्र वेळापत्रक सर्जनच ठरवतील.

केमोच्या तीन आठवड्यांत काय, कधी

दर 21 दिवसांनी केमो असेल तर महिना सारखा धरून चालत नाही. पहिले चार-पाच दिवस मळमळ, तोंडाला चव नाही, अंग जड. यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं चालणं आणि पलंगावर बसून श्वसन, एवढंच. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शननंतर कंबर, मांड्या ठणकतात. त्या दिवशी ताण देणारं काही नको. सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. घरून क्लास करण्याचा मोठा फायदा इथे आहे, गर्दीच्या हॉलमध्ये जावं लागत नाही. मध्यम व्यायाम चालतो, पण तुम्ही बऱ्या आहात का बघायला शेजारच्या चौघी शेजारी येऊन बसल्या तर तो फायदा गेला. त्यांना नंतर या म्हणा. पंधराव्या दिवसापासून पुढच्या केमोपर्यंतचा काळ हा कमाईचा. ताकदीचे व्यायाम, जास्त चालणं, सगळं या दिवसांत. दर आठवड्याची केमो असेल तर बहुतेकींना दुसरा-तिसरा दिवस जड जातो, मग तो दिवस हलका ठेवा.

रक्ताचा रिपोर्ट आला की फोटो शिकवणाऱ्याला पाठवा. हिमोग्लोबिन 8 च्या खाली असेल तर दम लागेल असं काही करू नका. प्लेटलेट 50 हजारांच्या खाली असतील तर वजनं आणि पडण्याची भीती असलेले व्यायाम बंद, 20 हजारांच्या खाली असतील तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत व्यायामच बंद. आणि 100.4 फॅरनहाइट ताप आला तर तापाची गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग फार भराभर वाढतो.

व्यायाम मध्यम आहे का, हे कळायला घड्याळ किंवा मशीन लागत नाही. चालता चालता आरती म्हणता आली तर व्यायाम हलका आहे. बोलता येतं पण आरतीची ओळ एका दमात पुरी होत नाही, तर बरोबर आहे. चार शब्द बोलायलाही थांबावं लागतंय, तर जास्त झालंय, बसा.

आठ आण्यांच्या दिवसाचा क्लास

चार आण्यांच्या आत असलेली पलंगावरच राहते, आमच्याबरोबर श्वसन करते आणि बाकीच्यांना बघते. तिला फोन बंद करू देत नाही, कारण सगळ्यांत बसणंही तिला हवं असतं. आठ आण्यांच्या पुढे असलेल्यांचा क्लास साधारण पंचवीस-तीस मिनिटांचा असा जातो.

खुर्चीवर ताठ बसून पाच दीर्घ श्वास. मान हळू उजवीकडे-डावीकडे. खांदे मागे गोल. मग खुर्चीवरच मार्जारासन: तळवे मांड्यांवर, श्वास घेताना छाती पुढे, सोडताना पाठ गोल. त्यानंतर उठबस, माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात मोलाचा व्यायाम. खुर्चीच्या पुढच्या काठाला या, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, छाती पुढे झुकवा, हात न टेकता उठा. उभं राहून एक श्वास, मग बसताना खुर्चीवर आदळू नका, मांड्यांनी स्वतःला सावकाश खाली उतरवा. पाचपासून सुरू करा. हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल तर खुर्चीवर दोन चादरी घडी करून बसायची उंची वाढवा. मांड्यांत ताकद राहिली तर केमोतही स्वतःच्या पायांनी संडासला जाता येतं, रिक्षात चढता येतं. बायका हेच जास्त मागतात.

मग ओट्याला धरून टाचा उचलणं, जागच्या जागी चालणं पाच मिनिटं, भिंतीला पाठ लावून ताडासन, हात जमतील तितकेच वर. शेवटी अनुलोम-विलोम श्वास न रोखता, भ्रामरी पाच वेळा आणि शवासन. शवासनात ऑपरेशनच्या हाताखाली चादर, गुडघ्यांखाली दुसरी. पाठीवर झोपल्याने मळमळत असेल तर चांगल्या कुशीवर झोपा.

काय नको तेही सांगते. कपालभाती आणि भस्त्रिका नकोत. टीव्हीवर बघून त्या जोरात करणाऱ्या बऱ्याच जणी येतात. ताज्या टाक्यांवर आणि पोटावर त्याने झटके बसतात, अशक्तपणात चक्कर येते. श्वास रोखून धरणं नको. शीर्षासन, सर्वांगासन नको. हातांवर सगळं वजन पडेल असं काही ऑपरेशननंतरचे सुरुवातीचे महिने नको. पिक लाइन असलेला दंड जोरजोरात फिरवू नका.

रेडिएशन, ज्याला आपल्याकडे शेक किंवा लाईट म्हणतात, ते सुरू होण्याआधी आठवडाभर पाठीवर झोपून दोन्ही हात डोक्याच्या वर उशीवर ठेवून दहा मिनिटं शांत पडायचा सराव करा. डाव्या बाजूला आजार असेल तर काही ठिकाणी खोल श्वास घेऊन रोखायला सांगतात, त्या वेळी हृदय किरणांपासून थोडं लांब जातं. तसं सांगितलं असेल तर तेवढाच श्वास रोखण्याचा सराव करायचा, तो अपवाद. बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला किंवा परळला रेडिएशनसाठी आठवडे राहायला लागतं, तेव्हा धर्मशाळेच्या खोलीतूनही बायका क्लासला येतात. त्वचा लाल झाली असेल तर त्यावर घासणारे पट्टे, घट्ट ब्लाउज नको, सैल सुती कपडे घाला.

पाण्याचा दिवस आणि हाताची सूज

काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं की त्या हातातल्या लसिकेचा, म्हणजे लिम्फ नावाच्या द्रवाचा, निचरा कमी होतो आणि सूज येऊ शकते. पूर्वी अशा बायकांना सांगायचे की त्या हाताने आयुष्यभर जड उचलू नका. 2009 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताला आधीच सूज असलेल्या बायकांनी देखरेखीखाली अगदी हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला, तर सूज वाढली नाही, उलट ती भडकण्याचे प्रसंग कमी झाले. यातला "हळूहळू" फार महत्त्वाचा. सर्जनच्या परवानगीनंतर पाव लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात करा. दोन आठवडे हात ठीक राहिला तर अर्धा लिटर. सूज असेल तर डॉक्टरांनी दिलेली दाबाची बाही घालूनच व्यायाम करा.

आणि इथेच सोलापूरची अडचण येते. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि ते आलं की घरातली बाई सगळं विसरून हंडे-बादल्या उचलायला धावते. क्लासमध्ये पाव लिटरची बाटली, आणि दुपारी पंधरा लिटरची बादली त्याच हाताने. असं करू नका. पाण्याच्या दिवसाची जबाबदारी उपचार संपेपर्यंत दुसऱ्या कुणावर तरी सोपवा. घरच्यांना हे मी स्वतः फोनवर समजावते, आणि बहुतेक मुलं, नवरे ऐकतात. कुणीच नसेल तर पाइप लावून भरा, तांब्याने थोडं थोडं भरा, चांगला हात वापरा, आणि त्या दिवशी ताकदीचे व्यायाम करू नका.

सूज लवकर ओळखायला शिंप्याची टेप पुरते. कोपराच्या घडीपासून 10 सेंटिमीटर वर आणि 10 सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा, दोन्ही हातांचा घेर मोजून वहीत लिहा. शक्य तर ऑपरेशनच्या आधीच पहिलं माप घ्या. महिन्यातून एकदा मोजा. दोन हातांतला फरक आधीपेक्षा 2 सेंटिमीटरने वाढला तर दाखवा. त्याही आधी बांगड्या अडकायला लागतात, ब्लाउजची एक बाही घट्ट होते, हात जड वाटतो. ते जाणवलं तरी पुरेसं आहे. तव्यावर भाकरी भाजताना त्या हाताला चटका बसू देऊ नका, विडीची पानं कापताना कात्री जपून. छोट्या जखमेतून त्या हातात जंतुसंसर्ग पटकन पसरतो. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

व्यायाम करता करता छातीत दुखलं, धडधडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखायला लागली, पाठीत रात्री जागं करणारं नवं दुखणं सुरू झालं, तर "क्लास संपला की बघू" असं म्हणू नका. माईक चालू करा आणि बोला. सगळ्यांसमोर बोला. बाकीच्यांचा व्यायाम दोन मिनिटं थांबला तर काही बिघडत नाही.

गोळ्यांची वर्षं

केमो, रेडिएशन संपलं की पुष्कळ जणींना पाच ते दहा वर्षं हार्मोनच्या गोळ्या असतात. टॅमॉक्सिफेनवर असाल तर पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून पोटरीकडे लक्ष आणि लांबच्या प्रवासात मधून मधून उठून चालणं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने तपासणीला मुंबईला जाणाऱ्यांनी बर्थवर झोपूनही पावलं वर-खाली करत राहावं. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल यांनी सकाळी बोटं आणि गुडघे आखडतात. त्यासाठी गोळी मनाने बंद करू नका. चालणं आणि ताकदीचे व्यायाम चालू ठेवले की सांध्यांचं दुखणं कमी होतं, याचा अनुभव माझ्या क्लासमधल्या बायका रोज सांगतात. या गोळ्यांनी हाडंही विरळ होतात, म्हणून डॉक्टर डेक्सा तपासणी करायला सांगतात. तो रिपोर्ट आला की शिकवणाऱ्याला दाखवा. हाडं ठिसूळ निघाली असतील तर पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन अशी पुढे वाकण्याची आणि कंबर पिळण्याची आसनं बंद करून उठबस, टाचा उचलणं आणि चालणं वाढवायचं.